दोनशे सत्तेचाळीस

अजून त्याला नाव नाही, नुसता आकडा:
दोनशे सत्तेचाळीस.
ब्लाझनं संशोधन केंद्रातून आणून दिली
हिरव्या गोळ्यांची चंदेरी पिशवी,
आणि त्या संध्याकाळपासून
कपडे धुण्याच्या खोलीवर
माझा हक्क राहिला नाही.

जेर्नेय तिथे उभा, चष्म्यावर वाफ,
भल्यामोठ्या पातेल्यात माल्टचं गोड पाणी ढवळत.
उतू जाणारं दूध ज्याला वीस वर्षांत दिसलं नाही
तो फेसावर डोळा ठेवून आहे,
हातात थर्मामीटर, खांद्यावर माझा टॉवेल.
चादरी टोपलीत ओल्याच.
खिडकीबाहेर सावीन्याच्या काठचे मळे,
वेली कापून नेलेल्या,
दोन मजली उंचीवर नुसत्या तारा.

पिशवी फोडली.

"आंबा!" जेर्नेय म्हणाला.
आंबा त्यानं खाल्लाय तो दह्याच्या डबीतला.
तिलेन म्हणाला, च्युइंगगम. ते निळं.
मला जर्दाळूचा मुरंबा आठवला,
फोनवर बोलत राहिले होते तेव्हाचा,
तळाला लागण्याच्या एक क्षण आधीचा.

सासूबाईंनी पिशवी नाकाशी नेलीच नाही.
एक गोळी चिमटीत चुरली
आणि बोटं पाहिली.

नऊ वर्षांची ओटिलिया तोडणीला जायची.
टोपलीमागे पत्र्याचा एक बिल्ला,
हंगामाच्या शेवटी बिल्ल्यांचे बूट.
राळेनं हात काळे पडायचे,
पाव कडू लागायचा,
झोपेत तोंडात गेलेला अंगठासुद्धा.
म्हणून या बिअरच्या खोऱ्यात
तिनं उभ्या जन्मात बिअर चाखली नाही.
"पैसे घेऊन कडू खाल्लं," म्हणते,
"पैसे देऊन कोण खाईल?"

"हिची आई कोण?" तिनं विचारलं.
"इथलीच, आपल्या खोऱ्यातली. जुनी.
बाप अमेरिकेतला. रानवेल."
"नर वेल मळ्यात दिसला
की आम्ही मुळासकट उपटायचो,
आणि आता वास त्याचा म्हणून कौतुक."
बोटं एप्रनला पुसली.
मग पुन्हा हुंगली,
आम्ही बघत नाही असं समजून.

यीस्ट त्यानं विरजण लावावं तसं लावलं,
पिंपाला माझी लोकरी शाल गुंडाळली.
सगळी रात्र नळीतून बुडूक, बुडूक.
सासूबाईंची खोली भिंतीपलीकडे.
नाश्त्याला त्यांनी अहवाल दिला:
"दोनच्या सुमारास वेग वाढला."
दुसऱ्या दिवशी: "पहाटे जरा दमला बिचारा."
चौथ्या दिवशी उरलेल्या गोळ्या
माझ्या जुन्या नायलॉन मोज्यात बांधून आत सोडल्या.
"उकळून घेतलाय," जेर्नेय म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.

बाटल्यांत साखर जास्त पडली होती.
पहिलं बूच उडालं ते छताला लागलं,
मागोमाग फेस,
आणि न्हाऊन निघालेल्या त्या खोलीत
तिलेन हसता हसता जमिनीवर बसला.
दुसरी बाटली आम्ही मोरीत धरून उघडली,
बाँब निकामी करावा तशी.

गढूळ, पिवळसर. सकाळच्या धुक्यात
आमची नदी दिसते, साधारण त्या रंगाची.
जेर्नेय घोट घेऊन अननस म्हणाला, मग पेरू,
मग त्याच्याजवळची फळं संपली.

ओटिलियानं औषधाचा पेला पुढे केला.
कुणी काही बोललं नाही.
एक घोट, बराच वेळ तोंडात.
"सरबत केलंयस," ती म्हणाली. "कडू कुठाय?"
जेर्नेयचा चेहरा पडला.
त्यानं पातेल्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं,
काहीतरी आकड्यांत सांगायला लागला.

"थांब," तिनं हात वर केला.
जिभेनं टाळू चाचपली,
मग दातांच्या मागे, मग घशाकडे
कुणी पायऱ्या उतरतंय का ऐकावं तशी.

"आला," म्हणाली.

पेला विसळून पालथा घातला,
आणि चादरी दोरीवर कधी पडणार
ते मला विचारलं.